सोबतीला आलेला माणूस

अतिथिगृहाच्या नोंदवहीत नाव, गाव, वय यांच्या पुढे एक रकाना असतो : ‘येण्याचे प्रयोजन’. २०२५ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्याच्या उत्तर भागातील एका अतिथिगृहात आम्ही उभयता उतरलो, तेव्हा माझ्या पत्नीने त्या रकान्यात ‘अध्यापन’ असे लिहिले. ती संख्याशास्त्राची प्राध्यापिका आहे. सहा आठवड्यांच्या एका उन्हाळी वर्गात शिकविण्यासाठी तिला बोलावले होते. मग वही माझ्यापुढे आली. मीही शिक्षकच, शाळेत इतिहास शिकविणारा. पण शाळेला सुटी होती आणि कोलकात्यात मला कोणीही बोलावलेले नव्हते. थोडा विचार करून मी लिहिले, ‘पत्नीसमवेत’. व्यवस्थापकाने ते वाचले, एकवार माझ्याकडे पाहिले आणि खोलीची किल्ली पत्नीच्या हाती दिली.

दुसऱ्याच्या कामाच्या निमित्ताने मोठ्या शहरात जाऊन राहण्याचा प्रसंग पूर्वी बहुधा स्त्रियांवर येई. नवऱ्याची बदली झाली की बिऱ्हाड उचलायचे, नव्या गावी चूल मांडायची आणि त्या गावाची ओळख भाजीवालीपासून करून घ्यायची. आता तो प्रसंग पुरुषांवरही येऊ लागला आहे, हे बरेच झाले; कारण त्यातील अडचण भोगल्यावाचून कळत नाही. चार दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला वेळ पुरत नाही. कामासाठी आलेल्याला शहर आपण होऊन जागा देते : बसावयास खुर्ची, सांगावयास हुद्दा, वाट पाहणारी माणसे. सोबतीला आलेल्या माणसाजवळ वेळ तेवढा अमाप असतो, आणि त्या वेळाला धरून ठेवील असे दुसरे काहीच नसते.

पहिल्या आठवड्यात मी प्रवाशाप्रमाणे वागलो. १९२१ साली खुले झालेले व्हिक्टोरिया स्मारक पाहिले. १८१४ साली स्थापन झालेल्या भारतीय संग्रहालयात प्रथम सोमवारी गेलो आणि ते त्या दिवशी बंद असते हे तेथील बंद दारावरून शिकलो. मंगळवारी पुन्हा जाऊन भारहूतच्या स्तूपाचे कठडे पाहिले. नट-बोल्ट न वापरता केवळ रिव्हेटांनी जोडलेल्या, १९४३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या हावडा पुलावरून पायी गेलो आणि येताना २०२४ पासून नदीच्या तळाखालून धावू लागलेल्या मेट्रोने परत आलो. सहाव्या दिवशी माझी यादी संपली. पुढे पाच आठवडे उरले होते.

मग मी खोलीत बसू लागलो. बंगालचा उन्हाळा नागपूर-अकोल्यासारखा अंग भाजणारा नाही. पारा त्यामानाने खालीच असतो. पण हवेत पाणी इतके असते की घाम वाळत नाही आणि पंख्याखाली बसूनही माणूस ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा राहतो. अशा दुपारी मी घड्याळाकडे पाहत पत्नीची वाट पाहत असे. ती सहाच्या पुढे थकून येई. मी दिवसभराचा साठलेला कंटाळा तिच्यापुढे ठेवी. तीन-चार दिवस तिने ऐकून घेतले. एके रात्री ती म्हणाली, “तुम्ही माझी वाट पाहत बसता ना, ते मला वर्गात आठवतं. फळ्यावर लिहिताना मी घड्याळ बघते. तुम्हाला इथं करमत नसेल तर परत जा, मी रागावणार नाही.” ती रागावून बोलली असती तर मी वाद घातला असता. ती शांतपणे बोलली, म्हणून झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशीचा एक प्रसंग या साऱ्याला वळण देणारा ठरला. जेवताना पत्नीने सहज सांगितले, की वर्गातल्या एका बंगाली मुलाने तिचे आडनाव ऐकून हसत विचारले, “मॅडम, बर्गी म्हणजे तुमचेच लोक ना?” तिला नेमके उत्तर देता आले नाही. “तुम्ही इतिहासाचे,” ती म्हणाली, “मला नीट काहीतरी शोधून द्या. मी त्याला सांगते म्हटलंय.”

आता ‘बारगीर’ हा शब्द मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार. ज्याला ते सरकारातून मिळते तो बारगीर. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. पण बंगालीत जाऊन या शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि त्याचा अर्थ ‘लुटारू’ असा झाला, हे मी एकाही वर्गाला कधी सांगितले नव्हते. खरे सांगावयाचे तर मला ते पुस्तकापुरते ठाऊक होते. ते ज्या घरांतून अजून म्हटले जाते त्या घरांच्या शेजारी मी कधी राहिलो नव्हतो. बर्गींच्या स्वारीची आणि धान्य गेल्यावर सारा कसा भरावा या काळजीची आठवण ठेवणारे एक अंगाईगीत बंगालात आहे. आमच्या अतिथिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मी त्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी हातातील पळी न थांबवता ते सबंध म्हणून दाखविले. त्यातले बर्गी म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. मीही त्या दिवशी सांगितले नाही.

नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ मध्ये बंगालात उतरल्या. त्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर. बंगाली लोक त्याला भास्कर पंडित म्हणून ओळखतात. बंगालचा नबाब अलीवर्दीखान याच्याकडून चौथाई घेणे हा हेतू. त्या वर्षीच्या शरदात भास्कररामाने भागीरथीच्या काठी काटवा येथे मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली आणि ती चालू असतानाच अलीवर्दीने छापा घालून त्याला पिटाळले. १७४४ मध्ये तहाच्या बोलण्यासाठी बोलावून भास्कररामाचा विश्वासघाताने वध करण्यात आला. आपल्या पुस्तकांत हा विश्वासघात ठळक येतो. पण या स्वाऱ्या सुमारे दहा वर्षे चालल्या आणि त्यांत गावे जळाली, माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, याचे वर्णन गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात करून ठेवले आहे. त्याच्या काव्याचे नाव ‘महाराष्ट्रपुराण’. नाव ऐकून मराठी माणसाची छाती क्षणभर फुगते. आत काय आहे ते कळल्यावर तो गप्प होतो. १७५१ मध्ये अलीवर्दीने सालीना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, ओरिसा भोसल्यांच्या हाती गेला आणि स्वाऱ्या थांबल्या.

कोलकात्यापर्यंत मराठे कधी पोचलेच नाहीत. त्यांच्या भीतीने मात्र या शहराभोवती एक खंदक खणला गेला. १७४२ मध्ये नबाबाची परवानगी घेऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीतील लोकांनी तो स्वतःच्या खर्चाने सुरू केला. उत्तरेस बागबाजारापासून अर्धवर्तुळात सात मैल जावयाचे ठरले होते. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले, मराठे येत नाहीत असे दिसले आणि कुदळी खाली ठेवण्यात आल्या. गंमत अशी, की १७५६ साली सिराज-उद्-दौला खरोखरच शहरावर चालून आला, तेव्हा या अर्धवट खंदकाचा बचावाला फारसा उपयोग झाला नाही. १७९९ च्या सुमारास तो मोठ्या प्रमाणावर बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत. आमच्या भीतीने खणलेल्या खड्ड्यावरून आज हजारो माणसे रोज कामाला जातात.

हे सारे मी सकाळी सकाळी शोधू लागलो, आणि येथे सोबतीला जाणाऱ्या कोणाही माणसाच्या उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. अशा माणसाने प्रेक्षणीय स्थळांची यादी करू नये. एक प्रश्न घ्यावा. प्रश्न लहान असला तरी चालतो. एखादा रस्ता वाकडा का, एखाद्या घाटाला ते नाव का, एवढाही पुरे. स्थळ पाहून होते आणि संपते. प्रश्न मात्र आपल्याला अशा दारांशी नेतो जेथे प्रवाशाचे काही काम नसते. दुसरे असे, की त्याने शहराच्या वेळा पाळाव्यात. शहर कामाला निघते तेव्हा आपणही निघावे, ते दुपारी सावलीला बसते तेव्हा आपणही बसावे. कोलकात्यात मी सहाला बाहेर पडे. त्या वेळी हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांची वेटोळी डोक्यावर घेऊन माणसे धावत असतात. कुमारटुलीत मूर्तिकार कामाला लागलेले असतात. दुर्गापूजेला चार-पाच महिने अवकाश असतो, म्हणून मे-जूनमध्ये तेथे देवी दिसत नाहीत. दिसतात बांबूच्या सांगाड्यांवर सुतळीने आवळलेले पेंढ्याचे हात, पाय आणि मस्तक नसलेली धडे. त्यांच्यावर पुढे नदीची माती चढते. गणपतीच्या कारखान्यांतून लहानाचा मोठा झालेल्या माणसाला त्या गल्लीत परके वाटत नाही.

दुपारी मी अलीपूरला राष्ट्रीय ग्रंथालयात बसे. बेल्व्हेडिअर या जुन्या प्रासादात ते १९५३ साली वाचकांसाठी खुले झाले. आता वाचनाची व्यवस्था आवारातच बांधलेल्या भाषा भवनात आहे. तेथे मराठी ग्रंथांचाही संग्रह आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, आजूबाजूला सर्व बंगाली पुटपुटणे चालू असता, पुढ्यात मराठी पुस्तक उघडून बसण्याचे सुख निराळेच आहे. ‘बर्गी’ शोधता शोधता मला तेथे सखाराम गणेश देऊस्कर भेटले. घराणे मूळचे कोकणातील देऊस गावचे. जन्म १८६९ साली देवघरजवळ. लेखन सारे बंगालीत. ‘हितवादी’ या बंगाली पत्राचे ते संपादक होते. इंग्रजी राज्याने देश कसा निर्धन केला ते सांगणारे त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये निघाले, स्वदेशीच्या चळवळीत ते हातोहात गेले आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. बंगालात शिवाजी-उत्सव रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रवींद्रनाथांनी आपली ‘शिवाजी उत्सव’ ही कविता १९०४ मध्ये देऊस्करांच्याच पुस्तिकेसाठी लिहिली. ज्या प्रांतातल्या आया मराठ्यांच्या नावाने मुले निजवीत, त्या प्रांताच्या महाकवीने शिवाजी महाराजांवर काव्य लिहावे, आणि ते एका बंगाली लिहिणाऱ्या मराठी माणसासाठी लिहावे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते त्या मुलाच्या प्रश्नाच्या शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी मी पत्नीला दिवसाचा हिशेब देऊ लागलो. ती तो दुसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत त्या मुलाला हप्त्याहप्त्याने सांगे. त्याच्या शंका घेऊन परत येई. मी तिची वाट अजूनही पाहत होतो, पण आता माझ्याजवळ तिला सांगण्यासारखे काही असे.

एका रविवारी आम्ही दोघे मिळून श्रीरामपूरला गेलो. शियालदहहून लोकलने बराकपूर, तेथून धोबीघाटावर होडी, आणि हुगळी ओलांडली की श्रीरामपूर. हे १८४५ पर्यंत डेन्मार्कचे ठाणे होते. विल्यम कॅरी येथे १८०० साली आला आणि त्याने लिहिलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये येथेच छापले गेले. त्या कामी त्याला नागपूरकडच्या वैजनाथ शास्त्र्यांचे साहाय्य झाले होते. परंतु मी पत्नीला तेथे नेले ते वेगळ्या कारणासाठी. डाकखात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांची बदली या भागात झाली आणि त्यांच्यामागून त्यांची पत्नी आनंदी येथे राहावयास आली. नवऱ्याबरोबर उघड रस्त्याने चालणारी ही परप्रांतीय मुलगी लोकांना चमत्कारिक वाटे. अमेरिकेस वैद्यक शिकावयास जाण्याचे ठरल्यावर १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने आपण का जात आहोत ते इंग्रजीतून सांगितले. तिला तेव्हा अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्याच एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत चढली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. कॉलेजचे खांब पाहत पत्नी बराच वेळ उभी होती. “सोबतीला आलेली होती ना ही?” एवढेच ती म्हणाली.

परत येताना बराकपूरच्या घाटावर कालबैशाखीने गाठले. छोटा नागपूरच्या पठारावर तापलेली कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली ओली हवा एकत्र आल्या की वायव्येकडून हे वादळ उठते. पाच-दहा मिनिटांत आभाळ शाईसारखे होते, धूळ उडते, झाडे वाकतात आणि मग पाऊस कोसळतो. तासाभरात सर्व संपते आणि पारा एकदम उतरतो. त्या एका रात्री आम्हांला पंख्यावाचून झोप लागली.

जून लागता लागता माझ्या प्रयोजनाच्या रकान्याचाही निकाल लागला. बंगालात ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला जामाईषष्ठी असते. सासू जावयाला घरी बोलावते, कपाळाला दह्याचा टिळा लावते, मनगटाला पिवळा दोरा बांधते, ताडाच्या पंख्याने वारा घालते आणि आंबे, लिची, मासे यांनी ताट भरते. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंडे-जेवण असते त्याचा हा भाऊबंद. फरक एवढाच, की बंगाली जावयाला तीन वर्षे थांबावे लागत नाही. स्वयंपाकाच्या बाई पत्नीला पहिल्या दिवसापासून ‘दीदी’ म्हणत. त्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावले आणि सांगितले, की दीदीचा नवरा म्हणजे जामाईबाबू, आणि जामाईबाबूंची सासू जवळ नाही म्हणून आज हे आपणच करणार. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांना वाईट वाटले. मग त्यांनी भाजलेल्या कैरीचे सरबत पुढे केले. ते आपले पन्हेच. वेलदोड्याऐवजी त्यात जिरे आणि काळे मीठ होते.

दोरा बांधून झाल्यावर मी त्यांना सांगितले, की तुमच्या अंगाईतले बर्गी ते आम्हीच. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग हसून म्हणाल्या, की एवढे लांबून आलात तर आणखी भात घ्या.

शेवटच्या रविवारी पत्नीला सबंध दिवस मोकळा होता. सहा आठवड्यांत तिने कोलकात्यातील वर्ग, फळा आणि येण्याजाण्याचा रस्ता यांखेरीज फारसे काही पाहिले नव्हते. आता दाखविणारा मी होतो. ट्रामने जाऊ असे मी सुचविले. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली ट्राम या शहरात प्रथम धावली, १९०२ पासून ती विजेवर आली. २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने मैदानातील एक फेरी सोडून बाकीची बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि आम्ही गेलो तेव्हा मोजकेच मार्ग चालू होते. आम्ही एस्प्लनेडहून श्यामबाजारला जाणाऱ्या गाडीत बसलो. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकाने खिडकीतून हळूहळू मागे गेली. व्हिक्टोरिया स्मारक, संग्रहालय यांचे मी नाव काढले, पण ती म्हणाली, “ते पुन्हा कधीतरी. मला तुमचा खंदक दाखवा.”

श्यामबाजारहून चालत आम्ही बागबाजारात गेलो. त्या भागात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. खंदक नाही, चढउतार नाही. जुनी घरे, दारांत सायकली, वाळत घातलेले कपडे, ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे एक वृद्ध गृहस्थ. त्यांनी आम्हांला काय शोधता म्हणून विचारले. आम्ही महाराष्ट्रातले असे सांगताच त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, “फार उशीर केलात,” असे बंगालीत म्हणाले आणि सरकून बसावयास जागा दिली. पावसाचे थेंब पडू लागले होते. पत्नीने जवळच चहा कोठे मिळेल असे त्यांना विचारले, आणि त्यांनी आत वळून तीन पेल्यांची हाक दिली.